शनिवारी गच्चीवर ‘द गूनीज’ : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-302 : नमस्कार. शनिवारी गच्चीवर मुलांना ‘द गूनीज’ दाखवणार अशी नोटीस वाचली. कमिटीतल्या कोणी हा सिनेमा आधी पाहिलाय का? सुरुवातीलाच तुरुंगात एक माणूस गळफास घेतल्याचं नाटक करतो. पुढे एका मुलाला फ्रीजरमध्ये कोंबतात, आत प्रेत! माझी मुलगी 6 वर्षांची आहे. मागच्या सिनेमानंतर तिची काय अवस्था झाली ते सगळ्यांना माहीत आहे.

बी-101 : लाउडस्पीकर रात्री 10 ला बंद. नियम आहे, 10 ते सकाळी 6. मागच्या वेळी काय झालं ते मी लिहीत बसत नाही.

सी-404 : वहिनी, सिनेमा मी सुचवला, तेव्हा उत्तर मीच देतो. 1985 चा आहे, दिग्दर्शक रिचर्ड डॉनर, कथा स्पीलबर्गची. ऑरेगॉनमधलं अस्टोरिया गाव. तिथली साधी घरं गोल्फ कोर्ससाठी जाणार असतात. पोरांना माळ्यावर जुना नकाशा सापडतो आणि ती चाच्याचा खजिना शोधायला निघतात. मोठ्यांनी हात टेकलेत, पोरं मात्र हटत नाहीत. मुलांना हेच दाखवायचंय मला.

ए-501 : घरं जाणार? मग आधी आपल्या एजीएमला दाखवा 😄

बी-203 : रिडेव्हलपमेंटचा विषय इथे नको, त्याला वेगळा ग्रुप आहे.

ए-501 : त्या ग्रुपवरून मला काढलंय, म्हणून इथे बोलतोय. रिपोर्ट अजून कोणाला दाखवलेला नाही.

सेक्रेटरी : रिपोर्ट ऑफिसात आहे. रविवारी 11 ते 1 या आणि बघा. कृपया विषयावर बोला.

डी-602 : मुलगा लहान असताना त्याच्याबरोबर व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता. त्यातलं जहाज स्टुडिओत अख्खं बांधलं होतं, मॉडेल नव्हे. त्या पोरांना शूटिंगच्या क्षणापर्यंत ते बघूच दिलं नव्हतं. पाण्यातून वर येऊन ती मागे वळतात तेव्हाचे चेहरे बघा.

ए-302 : काका, जहाजाबद्दल तक्रार नाहीच. माउथ नावाचा मुलगा घरकामाला आलेल्या रोझालिटाला मुद्दाम चुकीचं भाषांतर करून घाबरवतो, ड्रग्जची नावं घेऊन. कामाला आलेल्या बाईची चेष्टा आपल्या मुलांनी हसत बघायची का? मला नाही पटत.

सी-404 : हे खटकतंच, मलाही. पण शेवटी मायकीच्या, म्हणजे सिनेमातल्या मुख्य मुलाच्या, गोट्यांच्या पिशवीत रत्नं सापडतात ती रोझालिटालाच. घर सोडण्याच्या कागदांवर ‘सही करू नका’ म्हणून ती ओरडते आणि घरं वाचतात.

बी-101 : 10 वाजता बंद. परत सांगतोय.

सी-102 : आणि तो साखळीने बांधलेला, विद्रूप चेहऱ्याचा स्लॉथ नावाचा माणूस? मुलं घाबरणार नाहीत?

सी-404 : घाबरतील. त्या पोरांमधला चंकसुद्धा घाबरतो. मग त्याला चॉकलेट देतो, आणि नंतर तोच स्लॉथ पोरांना वाचवायला धावतो. हा भाग कापायचा असेल तर सिनेमाच दाखवू नका.

डी-203 : मला वेगळं सांगायचंय. मायकीला दमा आहे आणि शेवटी तो पंप फेकून देतो, ‘कशाला हवा’ म्हणत. माझा मुलगा रोज दोन वेळा पंप घेतो. शाळेत चिडवतात म्हणून आधीच लपवतो. त्याने हे बघितलं तर?

बी-304 : ताई, सिनेमा सुरू व्हायच्या आधी मी मुलांशी बोलते. रोजचा पंप बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने सोडायचा नाही, एवढं डॉक्टर म्हणून सांगितलं की पोरं ऐकतात. त्याला माझ्या शेजारी बसवा.

डी-203 : थँक्यू डॉक्टर. 🙏

ए-501 : यात डेटा नावाच्या मुलाचं काम केलेल्या की हुई क्वानला 2023 मध्ये ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’साठी ऑस्कर मिळालं. चंक झालेला जेफ कोहेन आता वकील आहे, आणि त्या ऑस्करवाल्या सिनेमाचा क्वानचा करार त्यानेच बघितला. माझ्या मुलाने सांगितलं, त्याला ग्रुपवर घ्या.

बी-203 : आधी तुम्ही मेन्टेनन्स भरा.

ए-501 : भरलाय. पावती टाकू का इथे?

सेक्रेटरी : पुरे. सिनेमा 114 मिनिटांचा आहे. 7:30 ला सुरू केला की 9:30 च्या आत संपतो, बी-101 यांनी नोंद घ्यावी. 8 वर्षांखालच्या मुलांना क्लबहाउसमध्ये कार्टून. तिथे कोणी थांबेल का?

ए-302 : मी थांबते. पण नोटीसवर वयाची अट आजच लिहा. आईवडिलांना आधी कळायला हवं.

सी-404 : लिहितो, वहिनी. गळफासाचा सीनही लिहितो. ज्यांना चालणार नाही त्यांनी मुलांना दहा मिनिटं उशिरा पाठवावं.

डी-602 : सबटायटल मोठ्या अक्षरात लावा, चष्मा लावूनही वाचता येत नाही.

ए-302 : क्लबहाउसची किल्ली कोणाकडे?

सेक्रेटरी : 7 वाजता वॉचमनकडून घ्या.