मदत हवी आहे: आयएनएस खुकरीबद्दल कोणाला नीट माहिती आहे का?

नमस्कार मंडळी, दिवाळीत दीवला गेलो होतो, तिथं आपल्या नौदलाच्या खुकरी या युद्धनौकेचं स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाचं छोटं मॉडेल ठेवलंय आणि मागे समुद्र. पोरं फोटो काढत होती, मी मात्र तिथंच अडकलो.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने टॉर्पेडो मारला आणि काही मिनिटांतच जहाज गेलं, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले, त्यांना महावीरचक्र मिळालं, हे सगळं माहितीये.

पण माझं डोकं खातंय ते वेगळंच. खुकरी पाणबुड्या शोधायलाच बांधलेली फ्रिगेट ना, मग पाणबुडी जवळपास आहे हे माहीत असून ती इतक्या हळू का चालली होती? वाचलं की सोनारवर (पाण्याखाली आवाजाच्या लहरींनी पाणबुडी शोधणारी यंत्रणा) एक नवीन उपकरण लावून ट्रायल चालू होती आणि त्यासाठी स्पीड कमी ठेवावा लागायचा, पण युद्ध चालू असताना ट्रायल कशाला, हे काही पटत नाही राव. आणि सोबतची दुसरी युद्धनौका कृपाण त्या वेळी लगेच माणसं उचलायला का थांबली नाही? थांबली असती तर तिलाही टॉर्पेडो बसला असता, हे मला कळतं, तरी पण...

कोणाच्या घरी त्या काळी नेव्हीत, खासकरून मुंबईत वेस्टर्न फ्लीटमध्ये असलेलं कोणी आहे का? सोनारवाला असेल तर फारच उत्तम. व्हॉट्सॲप फॉरवर्ड नकोत प्लीज.