बाबांचा फिटनेस बँड रोज वेगळा आकडा दाखवतो, भरवसा किती ठेवायचा?

सातारची_लेक

बाबा ७१ वर्षांचे, दीड वर्षापूर्वी बायपास झाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय म्हणून दिवाळीत मी त्यांना बँड घेऊन दिला. शाहूपुरीत घरासमोर मोकळं मैदान आहे, तिथे ते सकाळी दहा फेऱ्या मारतात. एक फेरी त्यांच्या पावलांनी साधारण ३०० ची, मी मागे चालत मोजली आहे. म्हणजे आकडा तीन हजारांच्या आसपास यायला हवा. सोमवारी बँडने १,७४० दाखवली, मंगळवारी २,६९०, बुधवारी परत १,८२०. मैदान तेच, फेऱ्याही तेवढ्याच! त्यात बँडवर १०,००० चं वर्तुळ आहे, ते कधीच भरत नाही. बुधवारी आकडा बघून बाबांचा चेहरा उतरला आणि दम लागलेला असताना आणखी चार फेऱ्या मारायला निघाले. आईने हात धरून थांबवलं.

झोपेचं उलटंच. दोन ते चार ते टक्क जागे असतात, आईला विचारा. सकाळी बँड सांगतो, झोप सात तास वीस मिनिटं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय. हे आकडे त्यांना दाखवू का?

विद्या_नाशिक

मी एकदा आठवडाभर दोन हातांत दोन कंपन्यांचे बँड घातले होते. रोज संध्याकाळी दोघांत हजार-बाराशेचा फरक. वीस पोळ्या लाटून होईपर्यंत उजव्या हातावरच्या बँडने अडीचशे पावलं धरली, मी ओट्यापासून हललेही नव्हते. आणि भाजीच्या दोन जड पिशव्या घेऊन चालत आले, तर दोन्ही बँड जवळजवळ गप्प. बँड पाय मोजत नाही गं, हात मोजतो. तेव्हापासून मी एकच बँड, एकाच हातात घालते आणि फक्त आठवड्याची सरासरी बघते. चुकला तरी रोज सारखाच चुकत असेल, तर मागच्या महिन्यापेक्षा चालणं वाढलं की घटलं, एवढं नक्की कळतं.

रात्रपाळी

विद्याताईंचं बरोबर आहे, पण बाबांचा बँड रोज सारखा चुकत नाहीये, खरी अडचण तिथे आहे. आत एक सेन्सर मनगटाचे हिसके टिपतो आणि ठरावीक लयीत आले की पाऊल धरतो. सावकाश चालणाऱ्याचे हिसके मुळातच हलके असतात, त्यामुळे वयस्कर माणसांची पावलं बरेचदा कमी भरतात. तरी एका दिवसाआड हजारभराचा फरक पडतोय म्हणजे हाताचं काहीतरी बदलतंय. काठी असते का? कोणाचा हात धरतात का? दोन-तीन दिवस नुसतं बघा. बँड घोट्याशी, मोज्यात खोचून पाहा. सावकाश चालीला तिथे मोजणी बरीच सुधारते.

१०,००० चं मनावर घेऊ नका. तो आकडा १९६५ मध्ये जपानात आलेल्या ‘मानपो-केई’ या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलं मोजणारा’. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात १५ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा साठीपुढच्यांना मिळणारा फायदा ६,००० ते ८,००० पावलांच्या आसपास स्थिरावताना दिसला. बायपास झालेल्या माणसाचं लक्ष्य तर डॉक्टरांनीच ठरवायचं. ॲपमधलं लक्ष्य आजच बदला. कॅलरीचा आकडा बघूच नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावर घालायची अशी सात उपकरणं तपासली होती, नाडी बहुतेकांची ठीक निघाली, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं.

आता झोप. मी झोपेच्या तपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, नऊ वर्षं रात्रपाळीच करतोय. आम्ही डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला इलेक्ट्रोड लावतो, छाती-पोटाला पट्टे बांधतो, नाकापाशी श्वास मोजतो आणि रात्रभराची नोंद ३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचतो. बँडकडे असते मनगटाची हालचाल आणि हिरव्या दिव्याने टिपलेली नाडी. बाबा आईची झोपमोड नको म्हणून अंधारात निपचित पडून राहत असतील, तर बँड त्यालाच झोप समजतो. गाढ झोप, स्वप्नांची झोप हे तर त्याचे अंदाज आहेत. अंथरुणावर कधी पडले, कधी उठले, एवढं त्यातून घ्या.

आईंना रोज रात्रीची नोंद वहीत करायला सांगा, डॉक्टरांकडे ती वही न्या. किती वाजता जाग आली, लघवीला किती वेळा उठले, घोरताना श्वास अडकतो का, कुठली गोळी किती वाजता घेतली. श्वास अडकत असेल तर ते आधी सांगा. आणि बँड बघून कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका, हात जोडून सांगतो.

सातारची_लेक

दादा, सापडलं! मंगळवारी बाबा एकटे होते, हात हलवत चालले. सोमवारी आणि बुधवारी शेजारचे काका सोबत असतात, तेव्हा दोघंही हात पाठीमागे बांधून गप्पा मारत चालतात. डाव्या मनगटावरचा बँड उजव्या हाताच्या मुठीत! आज काका सोबत असतानाच बँड मोज्यात घातला. मी मोजलेली ३०६, बँडची २९८. दुसऱ्या फेरीला ३०३ आणि ३००. बाबांनी स्वतः वाकून आकडा वाचला आणि काकांना दाखवला.

लक्ष्य सध्या ४,००० केलंय, पुढचं डॉक्टर सांगतील. आईने कालपासून वही सुरू केली. पहिल्याच रात्रीची नोंद: २.१० ला जाग, दोनदा लघवी, ४ नंतर डोळा लागला, घोरताना मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटला. बँडवर त्या रात्रीची झोप सात तास पाच मिनिटं. सोमवारची वेळ बदलून उद्या सकाळचीच घेतली आहे.