मदत हवी आहे: हवेत वाफ जास्त, मग पृथ्वी तापण्याचा दोष कार्बन डायऑक्साइडला का?

कोणी नीट समजावून सांगेल का? भाऊ म्हणतो उष्णता सगळ्यात जास्त अडवते ती पाण्याची वाफ, मग सगळे कार्बन डायऑक्साइडच्याच मागे का लागलेत. वाफेचं खरंच आहे म्हणा. पण वाफ जास्त झाली की थोड्याच दिवसांत पाऊस होऊन खाली येते, कार्बन डायऑक्साइड मात्र शेकडो वर्षं राहतो, त्याने हवा तापली की ती आणखी वाफ धरते आणि अजून तापते, म्हणजे सुरुवात त्याच्यापासूनच ना? कारखाने यायच्या आधी तो २८० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २८०) होता, आता ४२० च्या वर गेलाय, तर हा म्हणतो दहा लाखात ४२० म्हणजे काहीच नाही! इथे मी अडकलोय. नायट्रोजन-ऑक्सिजन मिळून कोरडी हवा ९९ टक्के, पण ते जमिनीकडून वर जाणारी उष्णता जवळपास अडवतच नाहीत, हे त्याला सोप्या शब्दांत कसं पटवू? आणि मिथेन साधारण १२ वर्षंच टिकतो पण उष्णता कितीतरी जास्त धरतो, मग आधी तो कमी केला तर लवकर फरक दिसेल का? नुसत्या लिंक नका टाकू, तुमच्या शब्दांत लिहा प्लीज, त्याला हे कळावं असं मनापासून वाटतंय.