गल्ली नंबर ५ मधलं जुनं घर : बंटीला सल्ला हवाय

बंटी (पुणे): राम राम मंडळी. रविवारी धुळ्यात घर बघून आलो. गल्ली नंबर ५, आग्रा रोडपासून पायी. पुढे एक दुकान, मग ओसरी, चौक, माजघर, वर माडी. खांब सागवानी, त्यांना कमळाची नक्षी, देवळ्या जशाच्या तशा. देवपूरला टू बीएचके फ्लॅट ज्या पैशात येतो त्यात अख्खं घर. फोटो टाकले आहेत. कंपनीने कायमचं घरून काम दिलंय, मग पुण्यात भाडं का भरत राहू?

ताई (सुरत): अय्या, चौक किती गोड आहे!! घेऊन टाक.

जिभाऊ (धुळे): गोड आहे, पण गाडी कुठे लावशील भो? त्या गल्लीत संध्याकाळी दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या की एकाला मागे सरकावं लागतं.

बंटी (पुणे): चारचाकी जिभाऊंच्या अंगणात 😄

जिभाऊ (धुळे): 🙏 (अंगणात माझाच टेम्पो आहे.)

नाना (धुळे): बंटी, तू एकोणीस फोटो टाकलेस. त्यात नक्षीचे अकरा. छताचा एकच, तोही पंख्याचा. मागच्या खोल्यांवर काय आहे?

बंटी (पुणे): मागे धाबं आहे नाना, मातीचं सपाट छत. त्यावर आता पत्र्याचं शेड टाकलंय. मालक म्हणे गळत नाही.

नाना (धुळे): पत्रा टाकला म्हणजे गळत होतं. असू दे, पत्रा टाकला ते बरंच केलं. पण खालची माती काढली का, हे विचारलंस?

बंटी (पुणे): नाही विचारलं.

नाना (धुळे): मग ऐक, जरा लांब लिहितो. बांधकाम खात्यात आयुष्य गेलं, अशी घरं पडताना पाहिली आहेत. धाब्यावर दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायची रीत. जुनी कोणी काढत नाही, नवी वर टाकतात. बाप टाकतो, मुलगा टाकतो, थर वाढत जातो. समजा मागचा भाग ४०० चौरस फूट आहे आणि माती एक फूट. म्हणजे ४०० घनफूट, साधारण ११ घनमीटर. कोरडी माती घनमीटरला दीड टन धरली तरी १७ टन झाले. एखाद्या वर्षी मुरून भिजली की २० च्या वर. हे सगळं खालच्या लाकडी कड्यांवर, आणि कड्या बसवल्या तेव्हा माती असेल चार-सहा इंच. मोजायची युक्ती सांगतो. आतून जमिनीपासून छतापर्यंत उंची घे. बाहेरून त्याच जमिनीपासून धाब्याच्या माथ्यापर्यंत घे. फरकातून कडीपाटाची, म्हणजे कड्या आणि त्यावरच्या फळ्यांची, जाडी वजा कर, उरेल ती माती. मालकाला विचारायचीही गरज नाही.

छोट्या (नाशिक): नाना 🔥🔥

काकू (चोपडा): शुभ सकाळ 🌹 जो दुसऱ्याच्या सुखात आपलं सुख पाहतो…

जिभाऊ (धुळे): काकू, दुपारचे दोन वाजले.

बंटी (पुणे): नाना, पण लाकूड तर सागवानी आहे. शंभर वर्षं टिकलंय.

नाना (धुळे): खांब सागाचे आहेत, ते दिसतात. तुळईही असेल. पण वरच्या बारीक कड्या बघ, पुष्कळदा कडुलिंब-बाभळीच्या निघतात. सागाच्या गाभ्याला उधई (वाळवी) सहसा लागत नाही, कडेच्या पांढऱ्या लाकडाला लागते. तुळई मधोमध ठोकून बघू नको, मधे ती ठणठणीतच असते. जिथे भिंतीत शिरते ते टोक बघ. भिंतीतली ओल तिथे लागते, तिथूनच कुजायला सुरुवात होते. खिशात पेचकस ठेव आणि टोकाला टोचून बघ. सहज आत गेला तर नक्षीचे पैसे देऊ नको.

मोठी माय (छोट्याच्या फोनवरून): मन्हा माहेरनं घर बी धाबानंच व्हतं. पानीना दिनमा रातभर भांडा मांडना पडेत. पन उन्हायामा कितलं थंड ऱ्हाये! बंटी, माडीना जिना कितला उभा शे रे? मी चढसू कशी?

बंटी (पुणे): मोठी माय, तुम्ही खालीच राहायचं. माजघर तुमचं.

ताई (सुरत): थंड राहतं हे खरं आहे. धुळ्याच्या मे महिन्यात ४३-४४ डिग्रीत फ्लॅट तव्यासारखा तापतो.

नाना (धुळे): दिवसा थंड, बरोबर. दीड हात भिंतीतून ऊन आत यायला संध्याकाळ होते. मग रात्री आतली खोली ऊब सोडते, म्हणून तर लोक धाब्यावर झोपायचे. आता वर पत्रा आहे, झोपणार कुठे? चौक उघडा ठेवलास तर रात्री हवा खेळेल. चौकावर फायबरचं झाकण टाकायचा विचार असेल तर आत्ताच सोडून दे. जुन्या घराचा तो श्वास आहे.

दाजी (जळगाव): मी जरा कागदांचं बोलतो. घर कोणाच्या नावावर आहे?

बंटी (पुणे): प्रॉपर्टी कार्डवर अजून मालकांच्या वडिलांचं नाव आहे दाजी. ते वारले. मालकाला एक भाऊ, दोन बहिणी. बहिणींचं लग्न होऊन गेलंय, त्यांचा काही संबंध नाही म्हणे.

दाजी (जळगाव): "म्हणे" वर घर घेतात का? लग्न झालं म्हणून हिस्सा जात नाही. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मृत्युपत्र नसेल तर मुलीला मुलाइतकंच मिळतं. वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्माने हिस्सेदार आहे, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ ला वडील हयात असलेच पाहिजेत असं काही नाही. तेव्हा आधी सिटी सर्व्हे ऑफिसात वारस नोंद. मग दोन्ही बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोड पत्र, नाहीतर खरेदीखतावर चौघांच्या सह्या. आई हयात असतील तर त्यांचीही. साध्या स्टँपवरचं "आमची हरकत नाही" चालणार नाही. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या व्यवहारांची तपासणी, तर लागेलच, बँकही मागेल.

जिभाऊ (धुळे): आणि पुढचं दुकान? त्यात टेलर बसतो ना? मी त्याला लहानपणापासून बघतोय.

बंटी (पुणे): हो, भाडेकरू आहे. अगदी किरकोळ भाडं देतो. मालक म्हणाले, काढून देऊ.

दाजी (जळगाव): तो असा निघत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ त्याच्या बाजूने आहे. मालक बदलला म्हणून भाडेकरू जात नाही, तो तुझा भाडेकरू होतो. स्वतःची खरी गरज दाखवून कोर्टात जावं लागेल, आणि त्याला वर्षं लागतात. एक तर ताबा मोकळा करून मग खरेदी, नाहीतर दुकान धरलंच नाही असं समजून किंमत लाव.

ताई (सुरत): त्या टेलरचंही पोट आहे हो. राहू दे ना त्याला, पुढे माणूस असलेला बरा.

दाजी (जळगाव): राहू दे. पण मग दुकानाचे पूर्ण पैसे का मोजायचे?

बंटी (पुणे): कर्जाचं काय होईल? पगारावर मिळेल ना?

दाजी (जळगाव): पगार चालेल, घर चालेल का ते बघ. बँकेचा व्हॅल्युअर इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहितो. वीस वर्षांचं कर्ज हवं आणि त्याने मातीची बांधणी बघून दहाच वर्षं लिहिली तर फाइल अडते. जागेचं मूल्य धरून काही सहकारी बँका देतात, चौकशी कर. आणि वहिनींच्या नावावर घेतलंस तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.

वहिनी (पुणे): हे वाचलं मी 😌

नाना (धुळे): रस्तारेषाही बघ. इंग्रजांच्या ब्रिग्ज साहेबाने १८१९ च्या सुमारास आखलेल्या गल्ल्या आहेत या, सरळ आहेत पण रुंदी तेव्हाची. महापालिकेतून भाग नकाशा काढ. रुंदीकरणाची रेषा ओसरीतून जात असेल तर आज काही होणार नाही, पण उद्या पाडून बांधायला गेलास की पुढची जागा सोडायला लावतील.

जिभाऊ (धुळे): पाणी! पाणी कोणी विचारलंच नाही. आपल्याकडे नळ रोज येतो का? उन्हाळ्यात कधी आठ-आठ दिवस नाही. चौकात जमिनीखाली हौद आहे का बघ. नसला तर खोदताना भिंतीच्या पायापासून लांब खोद.

बंटी (पुणे): हौद आहे. पूर-बिर येतो का तिकडे? पांझरा जवळच आहे.

नाना (धुळे): १८७२ ला पांझरेने शहराचं मोठं नुकसान केलं, गॅझेटिअरमध्ये नोंद आहे. अलीकडच्या पुरांचं गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांना विचार, पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं होतं ते हात लावून दाखवतील. मला जास्त काळजी ओसरीतल्या फोटोची आहे. भिंतीला खाली चार फूट टाइल्स का लावल्यात?

बंटी (पुणे): स्वच्छ दिसतं म्हणून असेल ना?

नाना (धुळे): लोणा, म्हणजे ओलीने भिंतीवर येणारा खार, लपवायला असेल. मातीच्या सांध्याची वीट, तिला चुन्याचा गिलावा हवा, म्हणजे ओल बाहेर निघून जाते. कोणीतरी सिमेंट थापलं, ओल आत अडकली, गिलावा फुगला, मग वरून टाइल्स. टाइल्सच्या वरच्या काठाला हात लावून बघ, पांढरी भुकटी आली तर तेच. दुसऱ्या बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक दिसते. तिच्यात त्याच्याही कड्या आहेत का? असतील तर ती भिंत उद्या तुला एकट्याला पाडता येणार नाही. आणि ओळंबा सोडून बघ, भिंत फुगून पोट आलंय का.

छोट्या (नाशिक): नाना, मग थोडक्यात घ्यायचं की नाही?

नाना (धुळे): मला घर आवडलंय. चौक, जोतं, खांब, हे आज बांधायला गेलो तर परवडणार नाही. मागची माती उतरवून तिथे हलकं छत टाकलं तर पुढचा भाग अजून दोन पिढ्या उभा राहील. माती मात्र दोन्ही बाजूंनी सारखी उतरवायची, एकीकडून मोकळं केलं तर भिंत कलते. तो खर्च आणि टेलरचं दुकान किमतीतून वजा करून आकडा सांग त्यांना.

बंटी (पुणे): मालक म्हणतात दुसरं गिऱ्हाईक आहे. शुक्रवारपर्यंत विसार द्या.

दाजी (जळगाव): दोन्ही बहिणींशी तू स्वतः बोलल्याशिवाय विसार नाही. टोकनही नाही, अकरा रुपयेसुद्धा नाही.

जिभाऊ (धुळे): एक बहीण अमळनेरला दिलीय. मला घर माहीत आहे, उद्या जाऊन येतो. धाकटी कुठे असते?

बंटी (पुणे): सुरतला. उधना.

ताई (सुरत): मग पत्ता पाठव ना! आमच्यापासून रिक्षाने वीस मिनिटं.

नाना (धुळे): शनिवारी सकाळी मी मिस्त्रीला घेऊन येतो. बंटी, शिडी मालकाकडे मागून ठेव, धाब्यावर मी स्वतः चढणार.

मोठी माय (छोट्याच्या फोनवरून): नाना, तू नको चढू. मिस्त्रीले चढाड.