जुना केगरेटर: कॉम्प्रेसर 'टक' करून बंद पडतो आणि नळातून नुसता फेस. दुरुस्त करावा की भंगारात टाकावा?

एडिसनकर

मंडळी, ८० डॉलरला वापरलेला केगरेटर (बिअरचा केग, म्हणजे पिंप, थंड ठेवून नळातून बिअर देणारा फ्रिज) घेतलाय. एकनळी आहे, वर टॉवर (नळ बसवलेला खांब), आत अर्ध्या बॅरलचा केग मावतो. ११५ व्होल्ट, मागच्या पट्टीवर थंड करणारा गॅस आर-१३४ए लिहिलाय. सोबत ५ पाउंडांचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड, बिअर ढकलणारा गॅस) सिलिंडर, दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि केगच्या तोंडावर बसणारा डी टाइप कपलर मिळाला. तक्रारी अशा:

प्लग लावला की कॉम्प्रेसर तीन-चार सेकंद घुमतो, 'टक' आवाज होतो आणि बंद. चार-पाच मिनिटांनी पुन्हा तेच. दहातून एकदा चालू होतो, पण तेव्हाही आत ४८ फॅरनहाइटच्या खाली जात नाही. चालू असताना जी काय बिअर आली, ती सगळी फेस. बिअरची नळी पिवळी पडलीय, आत चिकट थर आहे, नळाची दांडी जाम. तळाच्या पत्र्याला गंज, दाराच्या रबरात काळी बुरशी.

फोनवर एका मेकॅनिकने "गॅस भरावा लागेल" असं न बघताच सांगितलं. खरंच गॅस असेल का? आणि फेसासाठी प्रेशर किती ठेवायचं?

खटपट्या

गॅसचं नाव आत्ताच काढू नका. गॅस कमी असता तर कॉम्प्रेसरवर भार उलट कमी असता: तो सुरू झाला असता, थांबलाच नसता आणि तरी थंड झालं नसतं. घुमून 'टक' म्हणजे मोटर फिरत नाहीये, करंट वाढतोय आणि ओव्हरलोड (मोटर वाचवणारा स्विच) तो तोडतोय. कारणं चार. स्टार्ट रिले (मोटरला सुरुवातीचा झटका देणारा भाग) गेलाय, एक्स्टेन्शन कॉर्डमुळे व्होल्टेज पडतंय, बंद केल्या केल्या लगेच परत चालू केलाय, किंवा कॉम्प्रेसर आतून जाम आहे. पहिल्या तिन्हींचा खर्च तीस डॉलरच्या आत आहे, म्हणून तिथून सुरुवात.

आडवा घालून आणला असेल तर आधी एक दिवस उभा ठेवा, तेल परत खाली उतरू द्या. प्लग थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये. मग प्लग काढून, मागचं खालचं झाकण उघडा. कॉम्प्रेसरच्या बाजूला प्लास्टिकची डबी क्लिपने बसवलेली असते, तिच्यात रिले आणि ओव्हरलोड. कपॅसिटर असेल तर आधी डिस्चार्ज करा. रिले सरळ ओढून काढा आणि कानाशी धरून हलवा. आत वाटाणे घातलेल्या डबीसारखा खुळखुळला तर आतली गोल चकती फुटलीय, मीटर लावायचीसुद्धा गरज नाही.

आता कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमधला (कॉमन, रन, स्टार्ट) रोध मीटरने ओममध्ये मोजा. कॉमन-रन सगळ्यात कमी, कॉमन-स्टार्ट त्याहून जास्त, आणि रन-स्टार्ट म्हणजे त्या दोघांची बेरीज. बेरीज जुळली तर वाइंडिंग ठीक. मग प्रत्येक पिन ते कॉम्प्रेसरचं धुतलेलं, रंग खरवडलेलं धातूचं अंग: इथे काहीही रीडिंग आलं तर मोटर बॉडीला शॉर्ट आहे, तिथेच थांबा.

नवा रिले घेताना फ्रिजचा नाही, कॉम्प्रेसरवरचा मॉडेल नंबर द्या. बाजारात तीन तारांची सरसकट सगळ्याला चालणारी हार्ड स्टार्ट किट मिळतात. निदानाला बरी, कायमची बसवू नये. त्या कॉम्प्रेसरसाठी निवडलेला मूळ ओव्हरलोड त्यात जातो.

फेसाळ

कूलिंग खटपट्या बघतायत, तोवर बिअरच्या बाजूचं घ्या.

नळी धुवायच्या फंदात पडू नका, फेकून द्या. पिवळी, चिकट नळी कितीही धुतली तरी वास सोडत नाही. विनाइल नळी तशीही वर्षाला बदलायची वस्तू. आतला व्यास ३/१६ इंच, फूड ग्रेड, १० फूट घ्या. जुन्या मशीनमध्ये बहुतेक वेळा ५ फूटच असते आणि अर्धा फेस तिथेच जन्मतो.

नळ काढायला एक छोटा आकड्याचा पाना मिळतो. टॉवरसमोर उभं राहून तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की नळ सुटतो. उलट वाटतं, पण तसंच आहे. इथे जोर लावून कॉलरचे आटे घालवणारे पुष्कळ. नळ पूर्ण सुटा करा, कोमट पाण्यात अल्कली क्लीनर घालून अर्धा तास बुडवा, आतली दांडी छोट्या ब्रशने घासा. आत पांढरट खरखरीत थर दिसला तर तो बिअरस्टोन, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेट. तो अल्कलीने जात नाही, त्याला अ‍ॅसिड क्लीनर लागतो. दोन्ही एकत्र करायचे नाहीत, मध्ये भरपूर पाणी. नळ क्रोम चढवलेल्या पितळेचा असेल आणि आत पिवळं पितळ उघडं पडलं असेल तर स्टेनलेसचा फॉरवर्ड सील नळ घ्या. त्याचं सील पुढे असतं, त्यामुळे आत बिअर सुकून दांडी जाम होत नाही.

कपलर सुटा केलात की तीन गोष्टी बघा: खालचं प्रोबचं रबर, आतली छोटी गोळी, आणि गॅसच्या तोंडातला चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह. हा शेवटचा बऱ्याच जणांना माहीतच नसतो. तो फाटला की बिअर गॅसच्या नळीत उलटी चढते आणि रेग्युलेटर खराब होतो. तीन-चार डॉलरचं काम.

पुढे रोजच्या वापरात दर १४ दिवसांनी २ टक्के कॉस्टिकचं लाइन क्लीनर पंपाने १५ मिनिटं फिरवायचं, नंतर साध्या पाण्याने पीएच पट्टी पाण्याइतकी दाखवेपर्यंत धुवायचं. अ‍ॅसिड तीन महिन्यांतून एकदा. चष्मा आणि रबरी मोजे घालूनच, कॉस्टिक डोळ्यात गेलं तर खेळ नाही.

बॅकयार्ड_भाऊ

फेसाला एवढं कशाला? रेग्युलेटर ५ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) आणा, फेस बंद.

फेसाळ

भाऊ, आजार रेड्याला आणि औषध पखालीला. ५ वर आणलं की पहिले दोन पेले बरे दिसतात, मग बिअरमधला विरघळलेला गॅस बाहेर पडायला लागतो. नळीत डोळ्यांना दिसतील असे बुडबुड्यांचे तुकडे तयार होतात आणि फेस वाढतो. आठवड्याभरात केग चप्पट होतो तो वेगळाच.

प्रेशर तापमानावरून ठरतं, मनाने नाही. नेहमीच्या लागर-एल बिअरसाठी २.५ व्हॉल्यूम सीओटू (बिअरच्या आकारमानाच्या अडीचपट विरघळलेला गॅस) धरा: ३६ फॅरनहाइटला १० पीएसआय, ३८ ला ११, ४० ला १२ च्या थोडं वर. ५० ला तेच १७ च्या पुढे जातं. म्हणजे एडिसनकरांच्या ४८ डिग्रीच्या फ्रिजमध्ये रेग्युलेटरचा नॉब कुठेही फिरवला तरी फेसच येणार. आधी थंड, मग प्रेशर, मग नळीची लांबी. हाच क्रम.

लांबीचं पुस्तकी गणित ३/१६ नळीला फुटामागे ३ पीएसआय धरतं, म्हणजे ११ ला चार फूटही पुरले पाहिजेत. प्रत्यक्षात ती नळी तेवढा अडथळा देत नाही. म्हणून १० फूट लावा. ओतणं फारच संथ वाटलं तर सहा-सहा इंच कापा; कापलेली नळी परत वाढत नाही.

एडिसनकर

रीडिंग घेतली. कॉमन-रन ५.१ ओम, कॉमन-स्टार्ट ८.३, रन-स्टार्ट १३.४. बॉडीला काही नाही. रिले चक्क खुळखुळतोय! नवा २२ डॉलरला बसवला, पहिल्या झटक्यात सुरू झाला. पण आता रात्रभर चालून ४२ वर अडकलाय आणि बंदच होत नाही. मग गॅस?

खटपट्या

बेरीज जुळली, मोटर शाबूत. आता गॅसचा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण उत्तर बर्फाला विचारा. मशीन खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग चालू करून पाऊण तासाने आतल्या थंड प्लेटवर हात फिरवा. सगळ्या प्लेटवर सारखं पातळ दव-बर्फ असेल तर गॅस पुरेसा आहे. फक्त सुरुवातीच्या चार-सहा इंचांवर जाड बर्फ आणि बाकी प्लेट कोरडी असेल तर गॅस कमी, नाहीतर कॅपिलरी (गॅस जाणारी बारीक नळी) अर्धी तुंबलीय.

तसं निघालंच तर स्वतः डबा टोचून गॅस भरू नका. अमेरिकेत सील केलेलं सर्किट उघडायला स्वच्छ हवा कायद्याच्या सेक्शन ६०८ चं प्रमाणपत्र लागतं आणि आर-१३४ए हवेत सोडणं बेकायदा आहे. शिवाय गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता भरलेला गॅस परत जाणार. ८० डॉलरच्या मशीनवर तो खर्च करू नये असं माझं मत. टॉवर, नळ, सिलिंडर काढून चालू स्थितीतल्या दुसऱ्या फ्रिजवर चढवा.

बर्फ सारखा असेल तर दोन गोष्टी तपासा. दाराच्या रबरात एक डॉलरची नोट अडकवून दार लावा आणि ओढा. चारही बाजूंनी दर सहा इंचांवर. जिथे नोट अलगद निसटते, तिथून दमट हवा आत जाते. दुसरं, मागे आणि बाजूंना किमान ३ इंच मोकळी जागा. बऱ्याच केगरेटरमध्ये कंडेन्सरची (उष्णता बाहेर टाकणारी) जाळी दिसत नाही, बाजूच्या पत्र्यामागे असते; तो पत्रा चांगला कोमट लागला पाहिजे. कोनाड्यात गच्च बसवला की उष्णता जायला वाट नाही.

आणि हो, तापमान हवेचं मोजू नका. पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून, आठ तासांनी.

एडिसनकर

प्लेट पूर्ण पांढरी! नोट खालच्या बिजागरीकडच्या कोपऱ्यात सहज निघते. मागे जेमतेम एक इंच जागा होती.

खटपट्या

मग सुटलात. रबर कोमट पाणी आणि बेकिंग सोड्याने धुवा, घड्या टूथब्रशने साफ करा. बुरशीला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड फवारून दहा मिनिटं ठेवा. ब्लीच वापरायचंच असेल तर व्हिनेगर जवळपाससुद्धा नको, क्लोरीन वायू होतो. कोपरा हेअर ड्रायरने गरम करून बाहेर ओढा, व्हॅसलिनचा हलका हात द्या आणि दार लावून रात्रभर ठेवा. तरीही नोट निघाली तर नवं रबर.

जुना थर्मोस्टॅट सगळ्यात थंडवर ठेवून बाहेरून प्लगचा डिजिटल कंट्रोलर लावा. ३८ फॅरनहाइट, फरक ३ डिग्री, कॉम्प्रेसर डिले (बंद झाल्यावर पुन्हा सुरू होण्याआधीचा थांबा) ५ मिनिटं. हा डिले महत्त्वाचा, नाहीतर नवा रिलेही खुळखुळेल. सेन्सर हवेत लोंबता नको, केगच्या अंगाला टेपने चिकटवून वर फोमचा तुकडा.

गंजाचं: ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, १२०, २२०, रस्ट कन्व्हर्टर, प्रायमर, अप्लायन्स इपॉक्सीचे दोन पातळ हात. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत दार उघडं. भरलेला अर्धा बॅरल १६० पाउंडांच्या आसपास असतो, म्हणून तळाला जाड प्लायचा वॉर्निश केलेला तुकडा घाला, नाहीतर पत्रा परत दबून रंग तडकणार.

फेसाळ

सिलिंडर विसरू नका. गळ्याशी ठोकलेली तारीख बघा. हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाने सिलिंडरची चाचणी) ५ वर्षं उलटली असतील तर कुणी भरून देणार नाही. दुकानात बदलून घेणं सोपं. मोठ्या गेजवरून गॅस किती उरला ते कळत नाही: आत द्रव आहे तोवर काटा हलत नाही, फ्रिजमध्ये साडेपाचशे पीएसआयच्या आसपास राहतो आणि द्रव संपल्यावर एकदम पडतो. वजन करा, रिकाम्याचं वजन टीडब्ल्यूपुढे कोरलेलं असतं.

गळती बघताना केग जोडू नका, थंड बिअर गॅस पिते आणि काटा उगाच उतरतो. कपलर बंद ठेवून १२ पीएसआय भरा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, रात्रभर ठेवा. काटा उतरला तर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. बहुतेक वेळा दोषी असतो तो सिलिंडर आणि रेग्युलेटरमधला वॉशर, दर वेळी नवा घाला. उलट, काटा आपोआप चढत गेला तर रेग्युलेटरची आतली सीट गेलीय. त्याच्याशी खेळू नका, बदला. आणि मशीन बंदिस्त तळघरात असेल तर सीओटूचा अलार्म लावा, हा गॅस जमिनीलगत साचतो.

एडिसनकर

३८ वर स्थिर, नळी १० फूट, ११ पीएसआय. तरी पहिला पेला अर्धा फेस, दुसरा-तिसरा झकास.

फेसाळ

मग टॉवर. आत ३८ आणि टॉवरमध्ये खोलीचं तापमान. नळीतली पहिली काही औंस बिअर गरम होते आणि फुटते. १२ व्होल्टचा छोटा ब्लोअर तळाशी ठेवा, त्याला पाऊण इंची लवचीक नळी जोडून तिचं तोंड टॉवरमध्ये नळाच्या मागे, वरपर्यंत न्या. हवा परत खाली यायला जागा सोडा, टॉवर फोमने गच्च भरू नका. नळ उघडताना पूर्ण आणि एका झटक्यात, अर्धवट उघडलेला नळ नेहमी फेस देतो.

पुणे_ते_प्लेनो

जाता जाता: कायमचं भारतात परतताना हे मशीन घेऊन जाता येईल का?

खटपट्या

नका नेऊ. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने उतरेल, पण ६० हर्ट्झची मोटर ५० वर हळू फिरते आणि तापते. टॉवर, नळ आणि रेग्युलेटर काढून न्यायचे तर न्या, पण तिथल्या केगचा कपलर आणि सिलिंडरचे आटे आधी विचारून घ्या.

फेसाळ

एडिसनकर, एक राहिलं. दुकानातून आणलेला केग हलून हलून आलेला असतो आणि १५.५ गॅलन थंड व्हायला पूर्ण दिवस जातो, गरम झाला असेल तर त्याहून जास्त. शनिवारी लोक येणार असतील तर केग गुरुवारीच आत ठेवा.