प्रति: स्टेम सेलने नवी कातडी?

भाजलेल्या भाचीला ‘स्टेम सेलने नवी कातडी’ मिळेल का, असं एकांनी विचारलंय. मिळू शकते, पण जाहिरातीत दाखवतात तशी नव्हे.

पोस्टाच्या तिकिटाएवढा त्वचेचा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात; त्यांतच स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी, असतात. साधारण तीन आठवड्यांत पापुद्रे तयार होतात, तेही इतके नाजूक की व्हॅसलिनच्या गॉजवर चिकटवूनच जखमेवर न्यावे लागतात. शिवाय हा फक्त वरचा थर. घामाच्या ग्रंथी नाहीत, केस नाहीत; नंतर फोड येणं, कातडी आखडणं हे भोग असतातच.

प्रयोगशाळेत वाढवायच्या नाक-कानासारख्या जाड अवयवांचं घोडं अडतं ते रक्तपुरवठ्यावर. आपल्या पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या एका कारागिराने कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीने नवं केलं, १७९४ साली ते लंडनच्या मासिकात छापून आलं. ते जगलं, कारण कातडीचा देठ, म्हणजे कपाळाला जोडलेला, रक्त पोचवणारा भाग, शाबूत ठेवला होता. प्रयोगशाळेतल्या नाकाला तो देठ कुठून आणणार?

आणि कुणी ‘ट्रायल आहे, इतके लाख भरा’ म्हणालं तर सरळ उठून या. आधी सीटीआरआयवरचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला) नोंदणी क्रमांक मागा. ट्रायलमधल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.