स्ट्रॉबेरी-पंच: वीस माणसांसाठी प्रमाण?

एप्रिलमध्ये गच्चीवर वीस जण जमणार आहेत. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मिळाली आहे. पंच पाणचट होऊ नये म्हणून काय करावं?

— १ किलो फळं चिरून ४०० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ लावा. दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, रस सुटतो. मिक्सर अगदी थोडाच फिरवा. बिया भरडल्या की कडवटपणा उतरतो. गाळून सहा लिंबांचा रस आणि दीड लिटर गार पाणी घाला. दीड लिटर थंडगार सोडा मात्र वाढतानाच, नाहीतर फसफस जाते.

— बर्फ भांड्यात नकोच! थोडा गर आधीच बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. तो वितळला तरी चव टिकते.

— तुती मिळाल्यास पाव किलो घाला, रंग सुंदर येतो. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. आंबट रसाची अॅल्युमिनियमशी क्रिया होते.